अध्ययन-निष्पत्तीची भाषा आणि तौलनिक वाचन

बेंगळुरूच्या नागरभावी परिसरातील राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेने (नॅक, स्थापना १९९४) २०१७च्या सुधारित आराखड्यात अध्ययन-निष्पत्तीला सात निकषांपैकी दुसऱ्या निकषाखाली स्वतंत्र स्थान दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विषयवार आराखडे आले. परिणामी ‘हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी अमुक करू शकेल’ या साच्यातील वाक्ये साहित्य-विभागांनाही लिहावी लागतात. ही वाक्ये एक लेखनप्रकार म्हणून वाचण्याचा येथे प्रयत्न आहे.

त्यांतील क्रियापदे बहुधा ब्लूम यांच्या १९५६च्या वर्गीकरणातून व त्याच्या २००१च्या सुधारित रूपातून येतात: स्पष्ट करणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे. क्रिया बाहेरून दिसली पाहिजे, ही अट असते. त्यामुळे ‘जाणवणे’, ‘आस्वादणे’ ही आपल्या समीक्षेतील क्रियापदे बाद ठरतात.

भैरप्पांची ‘पर्व’ (१९७९) ही कन्नड कादंबरी, उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून, इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’शेजारी (१९६७) शिकवली जात आहे असे समजू. ‘दोन्ही कृतींतील कुंतीच्या चित्रणाची तुलना करतो’ ही निष्पत्ती दहा गुणांच्या प्रश्नाने सहज तपासता येते. दोन्ही लेखक अद्भुताला फाटा देतात, कुंतीला माणूस करतात, असे लिहिणाऱ्याला सात गुण पडतात. परंतु कर्वे महाभारताच्या संहितेला धरून लेखात तर्क करतात, तर भैरप्पा त्याच स्वरूपाचा तर्क पात्राच्या स्मृतीत उतरवतात. एकीकडे कुंतीविषयी बोलले जाते, दुसरीकडे कुंती स्वतः आठवते. हे ज्याला जाणवले, तो कदाचित तुलनाच मोडून टाकील आणि या दोन कुंती एका मापाने तुलनीय नाहीत असे लिहील. साम्य आणि भेद असे दोन रकाने अपेक्षिणाऱ्या परीक्षकाकडून त्याला चार गुण मिळतील आणि निष्पत्ती ‘अप्राप्त’ ठरेल. तुलनीयतेविषयीच शंका येणे हा आपल्या ज्ञानशाखेतील कळीचा क्षण. तोच येथे त्रुटी म्हणून नोंदला जातो.

तरीही ही पद्धती सरसकट झिडकारणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. आपला पूर्वीचा अभ्यासक्रम म्हणजे पुष्कळदा ग्रंथांची यादी असे. ती कशासाठी, हे सांगण्याची जबाबदारी कोणावर नव्हती, आणि गाइड पाठ करूनही पदवी पदरात पडत असे. निष्पत्ती-लेखनाने निदान तो ‘कशासाठी’ विचारला.

दोष शिरतो तो अंकीकरणाच्या टप्प्यावर. प्रत्येक निष्पत्तीसमोर एक, दोन किंवा तीन मांडणारा जुळणी-तक्ता आपल्याकडे अभियांत्रिकीतून रुळला. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यानंतर त्याला अधिकच बळ मिळाले. पुलाचा भार मोजणाऱ्या विद्येत असा आकडा निरर्थक नसेलही. साहित्यात ‘तीन’ म्हणजे तीन काय?

सत्राच्या आरंभी आणि अखेरीस एकाच विद्यार्थ्याने एकाच उताऱ्याचे केलेले वाचन दोन परीक्षकांनी शेजारी ठेवून पाहावे व त्यातील बदल शब्दांत नोंदवावा, हा मार्ग अधिक विश्वसनीय वाटतो. मात्र त्याला वेळ लागतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तो कोठून आणावयाचा, यासाठी तक्त्यात रकाना नाही.