आश्रिताने गायिलेले गीत

लूर्डमातेची गुंफा आपल्या कितीतरी चर्चच्या आवारांत आढळते. ११ फेब्रुवारीला तेथे मेणबत्त्या लागतात, जपमाळ होते. मालाडमधील ऑर्लेमचे चर्च तर तिच्याच नावाने ओळखले जाते. या भक्तीमुळे 'द साँग ऑफ बर्नाडेट' हा १९४३ सालचा चित्रपट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना परिचित असेल. ज्या कादंबरीवरून तो निघाला, तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तिचे लेखक फ्रांत्स वेर्फेल कॅथलिक नव्हते. ते युद्धाने देशोधडीला लावलेले एक ज्यू साहित्यिक होते. या एका गोष्टीच्या प्रकाशात ही कादंबरी पुन्हा वाचावी, असे आम्हांस वाटते.

वेर्फेल यांचा जन्म १८९० साली प्रागमध्ये झाला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि व्हिएन्नातील त्यांचे घर त्यांना कायमचे अंतरले. ते फ्रान्समध्ये आले. जून १९४० मध्ये फ्रान्सही कोसळला. पत्नी आल्मासह स्पेनच्या सीमेकडे धावताना त्यांना सर्व वाटा बंद दिसल्या. अशा वेळी लूर्डने त्यांना काही आठवडे आसरा दिला. यात्रेकरूंची वाट पाहणाऱ्या त्या गावात तेव्हा निर्वासितांची दाटी झाली होती. हा आसरा त्यांना ज्यू म्हणूनच मिळाला. त्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. सुखरूप अमेरिकेला पोहोचलो तर आधी बर्नाडेटचे गीत गाईन, असा नवस त्यांनी तेथे केला. सप्टेंबरमध्ये पिरेनीज पर्वत पायी ओलांडून ते निसटले, आणि १९४१ साली मूळ जर्मन कादंबरी स्टॉकहोम येथे प्रसिद्ध झाली.

हा सारा वृत्तांत कादंबरीत नाही. तो प्रस्तावनेत थोडक्यात येतो आणि संपतो. आसरा देणाऱ्यांविषयी आणखी काही कळते तर बरे झाले असते, ही रुखरुख आम्हांसही लागते. परंतु आमच्या मते त्या आश्रयाचे ऋण प्रस्तावनेत फेडलेले नाहीच. ते कथेच्या पोटात मुरलेले आहे.

कादंबरीचा आरंभच पाहावा. तो दिव्य दर्शनाने होत नाही. थंडीत पहाटे उठून कामाच्या शोधात निघालेला एक बेकार बाप आपल्याला प्रथम भेटतो. फ्रांस्वा सुबिरू हा एके काळी बोली येथील गिरणी चालवणारा. १८५४ साली गिरणी हातची गेली आणि बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत राहिले. शेवटी एका नातेवाइकाने दिलेल्या अंधाऱ्या खोलीत सहा माणसे कोंबली गेली. ती खोली म्हणजे जुना तुरुंग, कैद्यांसाठीही अयोग्य ठरलेला! १८५७ साली पीठ चोरीला गेले तेव्हा संशय फ्रांस्वावरच आला; जो सर्वांत दरिद्री, तोच चोर. या कुटुंबाला युद्धाने नव्हे, दारिद्र्याने घराबाहेर काढले हे खरे. तथापि पराया छपराखाली अंग चोरून राहणे, शेजाऱ्यांच्या नजरा झेलणे, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना थरथरत उत्तरे देणे, या गोष्टी वेर्फेल यांनी इतक्या खरेपणाने लिहिल्या आहेत की त्या केवळ कागदपत्रे चाळून सुचाव्यात, असे आम्हांस वाटत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. जपमाळेच्या मण्यांप्रमाणे पन्नास प्रकरणांत कथा ओवण्याची योजना सुंदर असली, तरी उत्तरार्धात ती थोडी ओढूनताणून वाटते. धर्मभगिनी वोझू या प्रत्यक्षात नेव्हरच्या मठातील उमेदवारांच्या प्रमुख. वेर्फेल त्यांना लूर्डच्या शाळेतही शिक्षिका करतात. त्यामुळे नाट्य वाढते, पण एका ऐतिहासिक व्यक्तीवर थोडा अन्याय होतो.

याउलट धर्मगुरू पेरामाल यांचे चित्रण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. आरंभी हा दांडगा, तापट माणूस त्या मुलीला दटावून परत पाठवतो. पुढे तोच तिच्या पाठीशी उभा राहतो. दारी आलेल्या दुबळ्याकडे संशयाने पाहणारी ख्रिस्तसभा त्याची ढाल कशी बनते, हे येथे एका माणसाच्या रूपाने दिसते.

या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाने एक निर्वासित कुटुंब सांभाळावे, असे आवाहन केले. २०२२ साली पोलंडमधील धर्मग्रामांनी आणि मठांनी युक्रेनी कुटुंबांसाठी दारे उघडली. अशा वेळी अन्न, पांघरूण, औषध हवेच. पण देणारा आपण आणि घेणारे ते, असा हिशेब मनात राहिला तर सेवेचे दान होते आणि दानाचा अहंकार. आपली माऊली लूर्डच्या प्रतिष्ठितांकडे गेली नाही. बिऱ्हाड हरवलेल्या घरातील, चौदा वर्षांच्या, धड लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलीपुढे ती उभी राहिली. हे मर्म एका ज्यू आश्रिताने नेमके ओळखले. शेवटपर्यंत ज्यू राहूनही त्याने आपल्या एका संतेचे गीत गाइले आणि आसऱ्याची परतफेड केली.

वाचकहो, चित्रपट पाहिला असला तरी कादंबरी अवश्य वाचावी. गुंफेपुढे गुडघे टेकताना त्या अंधाऱ्या खोलीचीही आठवण होईल, आणि आपल्या धर्मग्रामात भाड्याच्या खोलीत नव्याने येऊन राहिलेल्या कुटुंबाचे दार ठोठवावेसे वाटेल.