परतलेला माणूस आणि त्याचे घर

मरणाच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या माणसांच्या अनुभवांवर गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत विपुल ग्रंथरचना झाली आहे. १९७५ साली डॉ. रेमंड मूडी यांचे 'लाइफ आफ्टर लाइफ' हे पुस्तक निघाले, आणि तेव्हापासून अशा ग्रंथांचा एक साचाच ठरून गेला. देहाबाहेर पडल्याचा भास, अंधारी वाट, तिच्या टोकाशी प्रकाश, दिवंगत आप्तांची भेट आणि मग अनिच्छेने परत फिरणे, असा हा क्रम असतो. शेवटी एक आटोपशीर भाग येतो. परतलेला मनुष्य शांत, प्रेमळ व निर्भय झाला असे त्यात सांगितलेले असते. आमचे प्रस्तुतचे बोलणे या शेवटच्या भागाविषयी आहे. खरा ग्रंथ जेथून सुरू व्हावयास पाहिजे, नेमका तेथेच तो संपतो, अशी आमची तक्रार आहे.

मूडी यांजवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. सुमारे दीडशे वृत्तान्त गोळा करूनही आपण मरणोत्तर जीवन सिद्ध केले असा दावा त्यांनी केलेला नाही. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळांस हा संयम साधला नाही. पण मूडी काय किंवा त्यांचे अनुयायी काय, सर्वांची नजर 'पलीकडे काय दिसले' यावर खिळलेली आहे. अलीकडे काय झाले हे त्यांना परतलेल्या माणसाच्याच तोंडून ऐकणे पुरेसे वाटते.

शास्त्रीय संशोधनात या बाजूस अधिक लक्ष दिले गेले. हॉलंडमधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल व त्यांचे सहकारी यांचा निबंध २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दहा रुग्णालयांतील, हृदय बंद पडून पुन्हा चालू केलेल्या ३४४ रोग्यांपैकी ६२ जणांनी असा काही अनुभव आल्याचे सांगितले. दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनी त्यांची पुन्हा विचारपूस करण्यात आली, तेव्हा मरणाची भीती उणावलेली आणि इतरांविषयीची आस्था वाढलेली आढळली. काही मिनिटांच्या घटनेचा ठसा आठ वर्षे टिकावा, ही साधी गोष्ट नव्हे. तथापि येथेही प्रश्नावली मुख्यतः माणसाने स्वतःविषयी भरून द्यावयाची आहे. आणि आपला स्वभाव आपल्याला आरशात दिसत नाही. तो घरच्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसतो.

हे आम्ही केवळ पुस्तकी तर्काने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वडीलबंधूंचे हृदय बंद पडले होते व डॉक्टरांच्या प्रयत्नाने ते पुन्हा सुरू झाले. प्रकाशाविषयी ते फारसे बोलले नाहीत. "फार बरे वाटत होते," एवढेच म्हणाले. पण घरी आले ते निराळे होऊन. रागीट गृहस्थ सौम्य झाले. पैशाची चिंता त्यांनी सोडली, मोलकरणीच्या मुलाची फी भरली, औषधांच्या वेळा मात्र हसत हसत चुकवू लागले. भेटावयास येणारे म्हणत, काय शांती आली आहे हो चेहऱ्यावर! एकदा आम्हीही तसेच काही बोललो, तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भावोजी, त्यांची भीती गेली हे खरं, पण ती घराबाहेर गेली नाही. माझ्याकडे आली. रात्री ते गाढ झोपतात, आणि मी श्वास ऐकत जागी असते." या विषयावरील डझनभर पुस्तकांत आम्हांस न सापडलेले वाक्य त्या दिवशी ऐकावयास मिळाले.

त्या दिवसापासून या वाङ्मयास आम्ही एकच कसोटी लावतो: त्यात घरच्या माणसाची साक्ष आहे काय? ती साक्ष निःपक्षपाती असते असे आमचे म्हणणे नाही. घराला पुष्कळदा जुनाच मनुष्य परत हवा असतो, आणि नव्याचे गुणही त्यास परके वाटतात. पण ती साक्ष नसेल तर चित्र अपुरे राहते.

या कसोटीस उतरणारे एक उदाहरण अनपेक्षित ठिकाणी सापडते. ए. जे. एअर हे तर्ककठोर इंग्रज तत्त्वज्ञ. ईश्वर व परलोक यांविषयीची विधाने अर्थशून्य मानणारे. १९८८ साली लंडनच्या एका रुग्णालयात त्यांचे हृदय चार मिनिटे थांबले. विश्वाच्या कारभारास जबाबदार असा एक तीव्र तांबडा प्रकाश आपण पाहिला, असे त्यांनी पुढे वृत्तपत्रात लिहिले. मरण हा शेवट, या आपल्या खात्रीस किंचित धक्का बसला, असे त्यांनी प्रथम म्हटले. मग दुसरा लेख लिहून, खात्री ढळली नाही, केवळ तीविषयीचा ताठरपणा सैल झाला, अशी दुरुस्ती केली. वाद घालणाऱ्यांनी ही दोन विधानेच धरून ठेवली. आम्हांस मात्र डी वेल्स यांचा अभिप्राय अधिक मोलाचा वाटतो. त्यांचा एअर यांच्याशी पूर्वी घटस्फोट झाला होता. मेल्यापासून हा गृहस्थ पुष्कळ बरा झाला आहे, आता दुसऱ्यांचीही दखल घेतो, अशा अर्थाचे त्या थट्टेने म्हणाल्या. १९८९ साली त्या दोघांनी पुन्हा लग्न केले आणि त्याच वर्षाच्या जूनमध्ये एअर वारले. त्या तांबड्या प्रकाशाची सत्यासत्यता कोणास ठरविता येणार नाही. पण घरच्या माणसाने दिलेले हे प्रशस्तिपत्र खोटे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

दोस्तोयेव्हस्कीची कथा याहून कठीण आहे. तेथे रोग नव्हता, राजाज्ञा होती. १८४९ च्या डिसेंबरात पीटर्सबर्गच्या चौकात त्याला देहान्तशिक्षा वाचून दाखविण्यात आली. पहिले तिघे खांबांस बांधले गेले, तो पुढच्या तुकडीत होता, आणि ऐनवेळी माफीचे फर्मान आले. त्याच दिवशी त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात जीवनाविषयीची कृतज्ञता ओसंडून वाहते. साचेबंद पुस्तक येथेच संपले असते. पण 'इडियट' या कादंबरीत प्रिन्स मिश्किन अशाच एका माणसाची हकीकत सांगतो, तेव्हा ऐकणारी मुलगी विचारते की, वाचल्यावर त्या माणसाने त्या अमोल क्षणांचे काय केले? उत्तर येते की त्याने पुष्कळ क्षण वाया घालविले. स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत पवित्र घटनेवर इतका निष्ठुर प्रश्न विचारणारा लेखक विरळा. आणि हे उत्तर खरे होते, याची साक्ष त्याच्या घरातच आहे. पत्नी ॲना लघुलेखनात निष्णात होती. १८६७ साली बाडेन-बाडेन येथे पतीने जुगारात पैसे हरावेत आणि तिचे दागिने गहाण पडावेत, हा क्रम तिने रोजनिशीत टिपून ठेवला आहे. जुगार सुटला तो १८७१ मध्ये, म्हणजे त्या चौकानंतर बावीस वर्षांनी. मृत्यूच्या दर्शनाने मनुष्य एका क्षणात बदलतो असे म्हणणाऱ्यांनी कादंबरीबरोबर ही रोजनिशीही वाचावी. त्या क्षणी लाभलेली कृतज्ञता खोटी नव्हती. पण तिला आचरणात उतरावयास वर्षे लागली, आणि ती वर्षे ॲनाने सोसली.

आता आपल्याकडे वळू. यमाच्या दारातून परतण्याची आपली सर्वांत जुनी व थोर कथा कठोपनिषदात आहे. नचिकेत्याने मागितलेले तीन वर प्रसिद्ध आहेत. विवेचक तिसऱ्याकडे, म्हणजे आत्मज्ञानाकडे, धाव घेतात. आम्हीही वर्गात अनेक वर्षे तेच केले. पण त्या मुलाने पहिला वर कोणता मागितला? अग्निविद्या नव्हे, अमरत्वही नव्हे. माझ्या पित्याचा राग शमावा, त्याचे मन निवावे, आणि मी परतलो म्हणजे त्याने मला ओळखून जवळ घ्यावे. मृत्यूच्या घरी बसलेल्या मुलाला प्रथम स्वतःचे घर आठवते, आणि परतलेल्यास घरची माणसे ओळखतील ना, ही शंका त्याला सर्वांआधी पडते. यमाने दिलेले उत्तर तर त्याहून मार्मिक आहे. तुझ्या पित्याचा क्रोध जाईल आणि त्याला रात्री सुखाची झोप लागेल, असे तो सांगतो.

मृत्यूची देवता घरी राहिलेल्या माणसाच्या झोपेचा विचार करते, ही गोष्ट वहिनींचे बोलणे ऐकेपर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती. नव्या ग्रंथकारांनी प्रकाशाचे वर्णन खुशाल करावे. पण एक प्रश्न परतलेल्याच्या शेजारी निजणाऱ्या माणसालाही विचारावा. आमचे बंधू अद्याप आहेत आणि सुखात आहेत. परवा वहिनींस विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मध्यरात्रीपर्यंतच जागते." एवढ्या वर्षांनी पहिला वर अर्धा फळास आला, असे आम्ही समजतो.