शाळेवर सत्ता कोणाची? : जोतीरावांच्या १८८२ च्या निवेदनातील एक दुर्लक्षित शिफारस

हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेले निवेदन मराठी अभ्यासकांस सुपरिचित आहे. इतके सुपरिचित की, ते समग्र वाचण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी उद्धृत करावयाची, वरिष्ठ वर्गास दिलेले शिक्षण यथाकाल खाली झिरपेल या उपपत्तीचा त्यांनी घेतलेला समाचार सांगावयाचा, आणि पुढील प्रकरणाकडे वळावयाचे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. परंतु त्याच निवेदनात एक शिफारस अशी आहे की, तिचा विचार केल्यावाचून शिक्षणक्षेत्रातील लोकशाहीची चर्चा पुरी होऊ शकत नाही. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च सोसावा. मात्र त्या शाळांची व्यवस्था सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये, ती शिक्षणखात्याच्या देखरेखीखाली असावी, असे जोतीराव म्हणतात. पैसा नगरपालिकेचा, अंकुश मात्र खात्याचा!

ही शिफारस केव्हा केली गेली हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव प्रसिद्ध झाला होता. शिवाय जोतीराव त्या वेळी स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि निवेदनात त्यांनी आपली ओळख तशी दिलीही आहे. म्हणजे नगरपालिका आतून पाहिलेल्या माणसाचे हे मत आहे. जोतीरावांस लोकशाहीचे अग्रदूत म्हणणारे समीक्षक या शिफारशीवरून डोळे फिरवितात. त्यांस सरकारधार्जिणे ठरवू पाहणारे तिच्यावर बोट ठेवून समाधान पावतात. दोन्ही पक्षांनी निवेदनाचा युक्तिवाद पुरता तपासलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निवेदनाचा सारा डोलारा एका भेदावर उभा आहे. सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतो. ‘लोक’ या शब्दाखाली हे दोन्ही गट एकत्र बांधले की, हा भेद अदृश्य होतो. स्थानिक स्वराज्याच्या भाषेत ‘लोकांच्या हाती सत्ता’ असे म्हटले जात असे तेव्हा ते ‘लोक’ कोण, असा प्रश्न जोतीरावांपुढे होता. तत्कालीन नगरपालिकांत बसणारे सभासद कोणत्या वर्गातून येत हे त्यांस ठाऊक होते. त्यांचा अविश्वास जनतेवर नाही. जनतेच्या नावाने बोलणाऱ्या मूठभरांवर आहे.

मग शाळेचे नेतृत्व त्यांनी कोणाकडे पाहिले? या प्रश्नाचे उत्तर निवेदनातील शिक्षकविषयक भागात आहे, आणि तो भाग सर्वांत समृद्ध आहे. प्राथमिक शाळांतील जवळजवळ सर्व शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतील थोडेच प्रशिक्षित असून वेतन क्वचितच दहा रुपयांवर जाते, अशी त्यांची तक्रार आहे. त्याऐवजी शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत. जे मुलांच्या आईबापांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा व इच्छा जाणतील, आणि ज्यांस प्रसंगी नांगराचे रुमणे वा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, असे. अशा प्रशिक्षित शिक्षकास किमान बारा रुपये व मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये वेतन द्यावे. एवढ्यावर न थांबता जोतीराव पुढे सुचवितात की, या शिक्षकास गावाच्या कारभारात स्थान द्यावे : गावच्या हिशेबांचा तपासनीस, दस्तऐवजांचा नोंदणीकार, टपालमास्तर किंवा मुद्रांकविक्रेता म्हणून. वरवर पाहता ही पदरी चार पैसे अधिक पाडण्याची युक्ती वाटेल. वस्तुतः तिचा रोख अधिक खोल आहे. गावात कागदावर ज्याची लेखणी चाले तो कुलकर्णी होता, आणि रयतेचे अज्ञान हेच त्या लेखणीचे भांडवल होते. रयतेतून आलेला शिक्षक हिशेब तपासू लागला, तर शाळेतील अक्षरज्ञान आणि चावडीवरील सत्ता यांचा संबंध प्रथमच उलट दिशेने जोडला जाणार होता. अभ्यासक्रमात बाळबोधीबरोबर मोडीचे लेखनवाचन व हिशेब यांचा आग्रह का, हेही येथेच उलगडते; गावचे दप्तर मोडीतच असे.

तथापि निवेदनातील एक दुबळेपणा नजरेआड करता येत नाही. ज्या खात्याच्या शाळांत एका वर्गाचेच शिक्षक भरले आहेत आणि ज्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदाच तोंड दाखवितात असे ते सांगतात, त्याच खात्यावर ते अंतिम भिस्त ठेवतात. तपासणी तिमाही करा, वर्दी न देता करा, हे ठीक. पण तपासणारा कोणाचा? या प्रश्नास निवेदनात उत्तर नाही.

जोतीरावांची भीती अनाठायी नव्हती हे पुढे दिसून आले. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगास दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट बजावले की, हा कायदा रद्द होऊन स्कूल बोर्डांकडील हस्तांतर थांबले नाही, तर दलित वर्गाच्या शिक्षणाची मोठी पीछेहाट होईल. त्याच आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी करणारेही तेच होते, हे विसरून चालणार नाही. मताधिकार मालमत्तेशी बांधलेला असताना निवडून आलेले मंडळ आणि सर्वांच्या मतांतून उभे राहिलेले मंडळ यांस एकच नाव देण्यास त्यांची तयारी नव्हती.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील एकविसावे कलम या परंपरेच्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांस प्रमाणशीर प्रतिनिधित्व, निम्म्या जागा स्त्रियांस, ही तरतूद म्हणजे ‘लोक कोण’ या प्रश्नास कायद्याने दिलेले उत्तर होय. विनाअनुदानित खासगी शाळा मात्र या कलमाबाहेर आहेत. आणि शिक्षक नेमण्याचा अधिकार समितीस नाही. ती शाळेवर देखरेख ठेवते, विकास आराखडा तयार करते व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवते. अध्यक्ष पालक, पण सचिव मुख्याध्यापक.

म्हणजे लेखणी पुन्हा एका हाती आली. येथे भाषाभ्यासकास बोलण्याचा थोडा अधिकार आहे. ‘सर्वानुमते ठरले’ हे इतिवृत्तांचे लाडके वाक्य पाहावे. ‘ठरविणे’ या सकर्मक क्रियापदास कर्ता लागतो. ‘ठरणे’ या अकर्मक क्रियापदात तो सुखाने नाहीसा होतो, आणि ‘मंजूर करण्यात आले’ या रचनेतही तेच घडते. सभेत मुख्याध्यापक ‘आपण असे करू या’ म्हणतात तेव्हा मराठीतील ऐकणाऱ्यास सामावून घेणारा ‘आपण’ वापरतात. त्या ‘आपण’मध्ये व्याकरणाने आलेली माता निर्णयात आलेली असतेच असे नाही. बोलीतून मांडलेले तिचे गाऱ्हाणे प्रमाण भाषेत उतरताना ‘शैक्षणिक अडचणींवर चर्चा झाली’ एवढेच उरते. समितीच्या नोंदी लोकांस उपलब्ध असाव्यात असे केंद्राचे नमुना नियम सांगतात. त्या कोणाच्या शब्दांत असाव्यात याविषयी ते मौन पाळतात.

शिक्षणशास्त्रात अलीकडे ‘शैक्षणिक नेतृत्व’ ही संज्ञा रूढ झाली आहे, आणि तीवरील लेखन बहुधा मुख्याध्यापकाच्या गुणांची यादी देऊन थांबते. त्याऐवजी एखाद्या तालुक्यातील समित्यांची पाच वर्षांची इतिवृत्ते गोळा करून त्यांतील क्रियापदे तपासली, तर पदव्युत्तर प्रबंधास पुरेल एवढी सामग्री हाती येईल. त्यात प्रथम पाहावयाचे ते हे की, एखाद्या पालक स्त्रीचे नाव कर्त्याच्या स्थानी ठेवून लिहिलेले एक तरी वाक्य सापडते काय.