किल्ल्यावरची फौज

छोट्या सैनिकांची फौज घडवण्याची आणि रंगवण्याची कला महाराष्ट्रात मुख्यतः दिवाळीच्या किल्ल्यावर जगली. दगड, माती आणि गोणपाटाच्या डोंगरावर अळीव किंवा मोहरी उगवायची, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, उतारावर मावळे, पायथ्याशी तोफ, विहीर आणि गवळण अशी ही मांडणी असते. याच कलेची दुसरी परंपरा मेजावरच्या युद्धखेळाची. ती युरोपातली. तिच्यात 28 मिलिमीटर उंचीचे धातूचे किंवा प्लास्टिकचे शिपाई पलटणी-पलटणीने रंगवून नकाशावजा भूमीवर लढवले जातात. मराठ्यांची फौज या दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे अर्धीच.

युद्धखेळाचा उगम लष्करी शिक्षणात आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा खेळ रचला. 1893 मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या इंग्लिश कारखान्याने पोकळ शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. शिसे कमी लागल्याने किंमत उतरली आणि फौजा घरोघर पोहोचल्या. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळाचे नियम छापले. पुढे स्वस्त प्लास्टिक आले. छंद मोठ्यांचा झाला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

किल्ल्यावरच्या मावळ्याची घडण वेगळी. कुंभार दोन भागांच्या साच्यात माती दाबतात, जोड लिंपतात, वाळल्यावर मूर्ती भाजतात. प्लास्टर ऑफ पॅरिस आल्यावर रबरी साच्यात ओतलेला मावळा काही मिनिटांत घट्ट होऊ लागला. त्याने उत्पादन वाढले आणि नक्षी पुसट झाली. एकाच साच्यातून ओतत राहिले की नाक बोथट होते, बोटे मुठीत विरतात, तलवार हाताला चिकटते. रंगाचा क्रम गणपतीच्या कारखान्यातलाच: आधी पांढरा हात, मग कॉम्प्रेसरच्या फवाऱ्याने अंगाचा रंग, त्यावर कुंचल्याने अंगरखा आणि पगडी, शेवटी डोळे-मिशांची आखणी. कारागिराचा कस आखणीत लागतो. बुबुळ जरा वर सरकले की शूर मावळा दचकलेला दिसतो. बाजारातले निम्मे मावळे असे दचकलेले असतात.

या फौजेला प्रमाणाचे बंधन नाही. महाराज वीतभर तर मावळा बोटभर, तोफ मावळ्याहून ठेंगणी, वाघ घोड्याएवढा. शेजारी हिरव्या गणवेशातला बंदूकधारी जवानही उभा असतो. याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. मानाप्रमाणे आकार देण्याची रीत भारतीय चित्रशिल्पात जुनी आहे आणि भक्तीच्या मांडणीत ती शोभते. खरी उणीव पात्रांच्या तुटपुंजेपणात आहे. भालदार, तुतारीवाला, ढाल-तलवारवाला आणि कड्यावर चढणारा मावळा एवढ्यात फौज आटोपते. सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःच्या घोड्यावरचा शिलेदार यांत फरक नाही. कवायती पायदळातले गारदी नाहीत, उंटावरच्या जंबुरका तोफा नाहीत, रसद वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे नाहीत. अठराव्या शतकाची पगडी सतराव्या शतकाच्या मावळ्याला सर्रास बसते, कारण नमुना कॅलेंडर आणि चित्रपटाचा असतो.

मराठवाड्यात किल्ल्याची चाल पश्चिम महाराष्ट्राइतकी रुजलेली नव्हती. औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारसारख्या बाजारगावात मातीच्या मूर्तीचा मोठा सण पोळा, आणि विकली जाते ती बैलजोडी. मात्र लघुसैन्य याच तालुक्यात दगडात कोरलेले आहे. औंढा नागनाथाच्या देवळाच्या तळथरांत हत्ती, घोडेस्वार आणि पायदळाच्या रांगा आहेत. पंक्तीतला प्रत्येक हत्ती शेजारच्याहून थोडा निराळा ठेवण्याचे भान त्या पाथरवटांना होते. साच्याच्या मावळ्याला ते नाही.

लढायांच्या बाबतीत तर मराठवाडा श्रीमंत आहे. 1760 चे उदगीर आणि 1763 चे राक्षसभुवन इथलेच. परदेशी खेळाडूंना मात्र सर्वांत ओळखीची लढाई जालना जिल्ह्यातल्या असईची, 23 सप्टेंबर 1803 ची. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली तिथे शिंदे-भोसल्यांविरुद्ध लढला. लहान फौज, मध्ये नदी, समोर शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमनच्या कवायती पलटणी आणि तोफांची दाट रांग, ही रचना मेजावर खेळायला उत्तम. त्यामुळे ब्रिटिश ओतशाळांनी मराठा पायदळ, गोलंदाज आणि घोडदळ घडवले. त्यांची कारागिरी चोख आहे. काळे किंवा पांढरे अस्तर, मूळ रंग, घड्यांत उतरवलेला पातळ गडद रंग आणि उंचवट्यावर कोरड्या कुंचल्याने फिकट हात, अशा थरांनी नखाएवढा चेहरा हातभर अंतरावरून वाचता येतो. त्यासाठी डोके आणि पंजे मुद्दाम मोठे घडवतात, छटा भडक ठेवतात. पण या फौजेची निवड वेलस्लीच्या बाजूने झाली आहे. मराठे आहेत ते इंग्रजांचा प्रतिपक्ष म्हणून. प्रतापगडापासून पालखेडपर्यंतचा काळ त्यात फार थोडा येतो. तोफेपाशी मरेपर्यंत उभा राहिलेला असईचा गोलंदाज खेळाच्या नियमांत ‘चिवट’ या एका गुणांकात मावतो.

दोन्हीकडची उणीव भरून काढण्याचे साहित्य उपलब्ध आहे. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे, पुण्याच्या गंगाराम तांबटाची रेखाटने, 1809 मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या इंग्रज अधिकारी ब्रॉटनच्या पुस्तकातली रंगीत चित्रे, केळकर संग्रहालयातली शस्त्रे आणि अंगरखे पाहून एखादा मूर्तिकार वीस-पंचवीस नव्या पात्रांचे साचे सहज घडवू शकेल. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून पुण्यात आहे आणि कुंभारवाडा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तरीही अभ्यासक आणि साचेकार यांची गाठ क्वचितच पडते. मोजमापाची आवड मराठी माणसाला नाही असेही म्हणता येत नाही. कोथरूडचे जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्याची साक्ष देते.

संग्रहाची बाजू सर्वांत दुबळी आहे. परदेशात रंगवलेली फौज काचेच्या कपाटात राहते, जुने ब्रिटन शिपाई लिलावात चढ्या भावाने जातात. मावळे दिवाळी सरली की खोक्यात जातात, मोडलेले किल्ल्याबरोबर मातीत. भाजलेल्या मातीचे जुने मावळे, ज्यांच्या ढालीवरची फुले हाताने काढलेली असत, ते आता एखाद्या माळ्यावरच सापडतात.