जवारी आणि ‘हेवी मेटल’

‘हेवी मेटल’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य संगीताविषयीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून बहुधा एकच मत ऐकूं येतें: तें संगीत नव्हे, गोंगाट आहे. मत देणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तें मुलाच्या खोलीच्या बंद दाराआडून ऐकलेलें असतें, आणि दाराबाहेर जें पोंचतें तें मुख्यत्वें ढोल व खर्ज. तेव्हां मत अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. परंतु ‘गोंगाट’ हा तक्रारीचा शब्द आहे, टीकेला तो पुरत नाहीं. हा जो खरखरीत, फाटलेला, करवतीसारखा नाद आहे तो गिटार वाजविणाऱ्याच्या हातून चुकून निघतो कीं त्यानें तो हेतुपुरस्सर काढलेला असतो, आणि काढलेला असेल तर त्यांतून त्यानें काय साधलें, हें टीकाकाराला पाहावें लागतें. या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास मनुष्य बर्मिंगहॅमला पोंचतो. आणि, वाचकांस आश्चर्य वाटेल, तो मिरजेलाहि पोंचतो.

प्रथम नादाची उपपत्ति. गिटारीच्या तारेचें कंपन विजेच्या लहरींत रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकांत जातें. ध्वनिवर्धकाची धांव मर्यादित असते. लहर तिच्यापलीकडे वाढली कीं तिचा माथा आणि तळ छाटला जातो. गोल लहर अशी चौकोनी होऊं लागली म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पांचपट कंपनसंख्येचे वरचे स्वर बळावतात आणि नादाला धार येते. यंत्रज्ञांनीं या प्रकाराला विकृति असें नांव दिलें व ती टाळण्यासाठीं जन्म घालविले. वादकांना मात्र ती आवडली. १९५८ सालीं लिंक रे या अमेरिकन वादकानें आपल्या स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीनें भोंकें पाडलीं, कशासाठीं, तर आवाज फाटावा म्हणून. पुढें नॅशव्हिल येथें ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांतील एक भाग बिघडला आणि त्यांतून निघालेली घरघर मंडळींना इतकी भावली कीं, १९६२ सालीं ती मुद्दाम उत्पन्न करणारी, पायानें दाबावयाची डबी ‘मॅस्ट्रो फझ्-टोन’ या नांवानें बाजारांत आली.

आपल्या गवयांना यांत कांहीं नवें वाटूं नये. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते ती घोडी धारदार नसते, रुंद व किंचित् बांकदार असते. तार थरथरतांना त्या पृष्ठाला हलकेंच घांसत राहते, आणि मध्यें अडकविलेला सुताचा जीव योग्य जागीं सरकविला कीं नाद उघडतो. याला आपण जवारी म्हणतों. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें कीं, तार अमुक ठिकाणीं छेडली असतां जे वरचे स्वर नियमाप्रमाणें उमटतां कामा नयेत ते या घोडीमुळें वीणेंत व तंबोऱ्यांत उमटतात. म्हणजे तारेचा साधा, गुळगुळीत नाद आपल्या कारागिरांनाहि पुरेसा वाटला नाहीं. त्यांनीं तो जाणून बुजून खरखरीत केला, आणि त्या खरखरीलाच आपण माधुर्य म्हणतों. सतारींत तर खुली जवारी व बंद जवारी असे भेद मानतात. रविशंकरांची सतार व विलायत खांची सतार डोळे मिटूनहि वेगळ्या ओळखूं येतात, त्याचें एक कारण हेंच. गळ्यालाहि आपण हा शब्द लावतों. ‘जवारीदार आवाज’ ही आपल्याकडे स्तुति आहे.

साम्य येथेंच संपत नाहीं. या संगीतांतील गिटारवादक बहुतेक वेळां भरगच्च स्वरसंघात वाजवीत नाहीं. षड्ज व पंचम एवढे दोनच स्वर तो एकत्र छेडतो, फार तर वरचा षड्ज जोडतो. हें केवळ सोपें म्हणून नव्हे. छाटलेल्या लहरींत दोन स्वर एकत्र आले कीं त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर आपोआप उत्पन्न होतो. षड्ज आणि पंचम यांचें प्रमाण २:३. वजाबाकी १, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा खर्ज. कोणींहि न वाजविलेला हा खर्ज कानाला वजन म्हणून जाणवतो, आणि ‘हेवी’ या विशेषणाचा निम्मा अर्थ तेथें आहे. त्यांत गांधार घातला तर काय होतें? गिटारीच्या पडद्यांवर बसविलेला गांधार स्वयंभू गांधाराहून किंचित् चढा असतो. दोहोंची झुंज लागते व नाद गढूळ होतो. म्हणून गांधार वगळावयाचा आणि नादांतूनच तो उमटूं द्यावयाचा. आपला तंबोरा हेंच करितो. पंचम, दोन षड्ज आणि खर्ज अशा त्याच्या चार तारा. गांधाराची तार नाहीं, आणि जुळलेल्या तंबोऱ्यांत गांधार ऐकूं येतो.

आतां दोन गांवांची हकीकत. मिरजेंत एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यें घडविण्याचा धंदा ज्यांनीं उभारला ते फरीदसाहेब व त्यांचे भाईबंद मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हां लोखंडाला धार देणारे हे हात नादाला धार देऊं लागले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच परंपरेचें. बर्मिंगहॅम हेंहि लोखंडाचें गांव. तेथील पत्र्याच्या कारखान्यांत १९६५ सालीं टोनी आयोमी नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबण्याचा. त्यानें वितळविलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून बोटांना बसविल्या, पातळ तारा लावल्या, आणि पुढें दाबणें सुकर व्हावें म्हणून तारा तीन अर्धस्वर उतरविल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाची पहिली तबकडी १९७० च्या फेब्रुवारींत निघाली. उतरविलेल्या तारांचा तो जड, घसरता नाद १९७१ सालच्या तिसऱ्या तबकडींत ऐकावयास सांपडतो. ध्वनिवर्धक लेनी या कारखान्याचा, तोहि त्याच गांवचा. एका जखमी हातानें आपल्यापुरती काढलेली ही सोय. ती पुढें एका पंथाची भाषा झाली.

पंथाचे उपपंथ झाले, आणि येथें नवख्या श्रोत्याची फार त्रेधा उडते. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम अशीं नांवें ऐकून त्याला वाटतें कीं, हा केवळ भीतिदायक शब्दांचा खेळ आहे. पण यांतील बहुतेक भेद शब्दांत कमी व नादांत अधिक आहेत. थ्रॅशचेंच उदाहरण घ्या. ‘मेटॅलिका’च्या १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या तबकडींत उजव्या तळव्याची कड तारांवर घोडीपाशीं टेकवून प्रत्येक आघात जागच्या जागीं तोडलेला आहे. मेसा बूगी हा कॅलिफोर्नियांतील ध्वनिवर्धक, नादाचा मधला पट्टा पोखरून खालचा व वरचा तेवढा राखलेला. यामुळें गिटार जणूं तालवाद्य बनते. पखवाजाच्या बोलांची ज्यांना संवय आहे त्यांना तें चटकन् उमगावें. स्वीडनमधील डेथ मेटलवाल्यांनीं याच्या उलट केलें. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओंत ‘एन्टूम्ब्ड’नें १९९० सालीं जी तबकडी मुद्रित केली तींत बॉस या जपानी कंपनीची एचएम-२ ही डबी वापरलेली आहे, आणि तिच्या सर्व खुंट्या शेवटच्या टोकापर्यंत पिळलेल्या आहेत. करणाऱ्यांनीं ही डबी हेवी मेटलसाठींच केली होती, पण अशा टोकाच्या वापरासाठीं नव्हे. या पोरांनीं ती लांकूड कापण्याच्या यंत्राप्रमाणें चालविली. त्या तबकडींत प्रत्येक स्वराभोंवतीं भुश्शाचा ढग उडतो. मला हा नाद प्रथम सहन झाला नाहीं. आतां सांगतों कीं, या सगळ्या पंथांत मनाने केलेली म्हणून जी जवारी आहे ती हीच.

नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनीं तर खर्जच काढून टाकला. ‘डार्कथ्रोन’ची १९९४ सालची तबकडी साध्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर घरगुती रीतीनें मुद्रित केलेली, नाद पातळ, थंड, दूरच्या वाऱ्यासारखा. दारिद्र्याची ही हौस कांहीं काळानें ढोंग होते, पण पहिल्या हाताची कृति खरी आहे. डूम म्हणजे सॅबथचेंच विलंबित. ‘मेशुगा’ या स्वीडिश संचानें आठ तारांची गिटार रूढ केली, जिची सर्वांत जाड तार सुमारें ४६ कंपनांवर मिळवितात. नेहमींच्या सहा तारांच्या गिटारीची ८२ वर असते. त्यांच्या अनुयायांनीं त्या तोडलेल्या आघाताच्या आवाजावरूनच पंथाचें नांव ‘जेंट’ असें पाडलें, जसे आपण तबल्याचे बोल पाडले.

एका गल्लतीचा उल्लेख येथें केला पाहिजे. मोठा आवाज आणि खरखरीत आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गणेशोत्सवांत डॉल्बीच्या भिंतीपुढें खिडक्या थरथरतात तेव्हां जें होतें तो आवाजाच्या मोठेपणाचा प्रश्न, आणि त्याबाबत तक्रार करणें रास्तच आहे. कर्नाळ्याच्या अभयारण्यांत पावसाळ्यांत पहांटे कस्तूराची शीळ ऐकूं येते. तिच्याइतका शुद्ध, एकेरी स्वर क्वचित् सांपडेल. त्याच डोंगरावर किल्ल्याच्या सुळक्याला आग्या मोहोळें लटकतात, आणि त्यांचा गुंजारव वरच्या स्वरांनीं गच्च भरलेला, खरखरीत असा असतो. आमच्या संस्कृत कवींनीं शिळेइतकाच, किंबहुना अधिकच, भ्रमराच्या गुंजारवाला गोड म्हटलें आहे. त्यांचा कान आजच्या दिवाणखान्यांतील कानापेक्षां उदार होता.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळावे भरत, पुढें शांतता-क्षेत्राच्या नियमांत सांपडून तें उघडें नाट्यगृह मुकें झालें. या शतकाच्या आरंभापासून मुंबईंत कसदार संच निघाले: ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ (२०००), ‘भयानक मौत’ (२००३), ‘झिग्नेमा’ (२००६). या मुलांचें वादन कच्चें नाहीं. युरोपांतील महोत्सवांतून त्यांतील कांहीं वाजवून आले आहेत. ज्या बापांना मुलाचा वेळ वायां जातो असें वाटतें त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, उजव्या हाताची ही तयारी दोनचार वर्षांच्या रोजच्या रियाजावांचून येत नाहीं.

परंतु टीका करावयाची ती येथेंच. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’नें २०१७ सालीं ‘दशावतार’ या नांवाचा संग्रह प्रसिद्ध केला. दहा गीतें, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक. शब्द इंग्रजी, कधीं घशाची गुरगुर तर कधीं स्वच्छ गायन, मागें कीबोर्डचा भव्य पडदा, आणि मधून मधून भारतीय वाद्यांचे रंग. नववा अवतार त्यांनीं बुद्ध घेतला. महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या दशावतारचित्रांत त्या जागीं विठोबा असतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें असतें तर एक अपूर्व गीत झालें असतें. असो. संग्रहाचा आवांका मोठा आहे, बांधणी पक्की आहे, आणि नरसिंहासारखा विषय या नादाला जात्याच शोभतो. कोंकणांत दशावतारी खेळांत काळ्या वेषांतला संकासुर रात्रीं पोरांना भिववितो व हंसवितोहि. भयाची अशी हौस आम्हांला परकी नाहीं. दोष निराळा आहे. कथा इकडची, पण गिटारीचा नाद जसाच्या तसा उत्तर युरोपचा. भारतीय वाद्य आलें तर तें दाराशीं तोरणासारखें लटकतें. गिटारी आंत शिरल्या कीं तें बाजूला होतें. जो नाद आयोमीनें आपल्या तुटक्या बोटांतून व स्टॉकहोमच्या पोरांनीं एका टाकाऊ डबीतून घडविला, तो येथें तयार मालासारखा घेतलेला आहे.

हा दोष एकट्या या संचाचा नाहीं, आणि तो दिवसेंदिवस सोपा होत चालला आहे. पूर्वीं ध्वनिवर्धक परदेशांतून आणणें म्हणजे घराचें बजेट कोलमडणें. अपुऱ्या साधनांतून कांहींतरी स्वतःचें निघण्याचा तेवढा तरी संभव होता. आतां पनवेलच्या सदनिकेंत बसलेल्या मुलाला संगणकांत मेसा बूगीहि मिळतो, एचएम-२ हि मिळते, आणि शेजाऱ्याला न कळतां कानावरच्या यंत्रांत ऐकतांहि येते. मिळत नाहीं ती एवढीच गोष्ट कीं, आपल्या कानाला हवा तो नाद कोणता हें ठरविण्याची वेळ. मिरजेचा कारागीर जवारी लावतांना घोडीवर कानस फिरवितो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हां कानस फिरवितो. गवयाला पसंत पडेपर्यंत हें चालतें. षड्ज-पंचमाची जोडी, स्वयंभू गांधार, खुली व बंद जवारी हें सारें ज्यांच्या घरचें आहे त्या मुलांनीं आपल्या डबीची खुंटी अशा कानानें फिरवून पाहिली, तर काय निघेल हें ऐकण्याची मला खरोखरच उत्सुकता आहे. तसें कांहीं अद्याप माझ्या ऐकण्यांत आलेलें नाहीं.

ज्या वाचकांना स्वतः ऐकून ठरवावयाचें असेल त्यांनीं आधीं दहा मिनिटें नुसता जुळलेला तंबोरा ऐकावा, मग ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी, मग एन्टूम्ब्डची १९९० ची, आणि शेवटीं ‘दशावतार’. आवाज मोठा करण्याचें कारण नाहीं. लहर मुद्रणाच्या वेळींच छाटलेली असते, ती हळू आवाजांतहि तशीच ऐकूं येते.