पायरी पहिली, पण कोणाची?

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातील कोलाम मुलाच्या दृष्टीने ही तिसरी भाषा होय. त्याच्या घरी कोलामी बोलली जाते. ती द्राविडी कुळातील असल्याने शाळेतली मराठीही त्याला नवीच असते. अशा वर्गाला इंटरनेटवरील मोफत वाचनसाहित्य कितपत उपयोगी पडेल? प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेला 'स्टोरीवीव्हर' हा गोष्टींचा संग्रह आम्ही या दृष्टीने पाहिला.

प्रथम गुणांविषयी. गोष्टी सचित्र आहेत, अनेक भाषांत आहेत आणि खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून शिक्षकाला त्या छापता येतात, भाषांतरित करता येतात, बदलताही येतात. एकदा उतरवून छापून घेतल्या की वर्गात इंटरनेटची गरज उरत नाही. काही गोष्टी ऐकत ऐकत वाचण्याची सोयही आहे.

आमचा आक्षेप आहे तो पातळ्यांवर. येथे गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत सुमारे २५० पर्यंत शब्द, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून अधिक. सोपे शब्द, पुनरावृत्ती यांचाही विचार केलेला आहे. परंतु 'सोपे' कोणाला? इंग्रजी कानावर पडत असलेल्या मुलाला सोपा वाटणारा शब्द कोलाम मुलाने कधी ऐकलेलाही नसतो.

मार्सेला हू व पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कोणाच्याही मदतीविना गोष्ट नीट समजण्यासाठी तिच्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. हा अभ्यास मोठ्या विद्यार्थ्यांवर झाला होता, तेव्हा लहानांसाठी तो केवळ अंदाज मानावा. तरीही हिशेब करून पाहा. २५० शब्दांच्या गोष्टीत अनोळखी शब्दांच्या फक्त पाच जागा चालतील! चित्रे थोडी मदत करतील, पण किती?

दुसरी अडचण स्पेलिंगची. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बहुतांशी जुळतात. इंग्रजीत 'ए' हे एकच अक्षर कॅट, केक, कार आणि कॉल या शब्दांत चार वेगळे आवाज देते. शब्दसंख्येवरून पातळी लावताना ही चढण मोजली जात नाही. मग मूल अडखळते, आणि आपण त्याला 'इंग्रजीत कच्चा' ठरवून मोकळे होतो. वास्तविक चूक पुस्तकाच्या निवडीत असते.

शिक्षकांनी एक साधा प्रयोग करावा. गोष्ट देण्यापूर्वी तिच्यातील शब्द तोंडी विचारावेत आणि न येणारे मोजावेत. ते पाचाहून अधिक निघाले तर गोष्ट परत न ठेवता आधी ते शब्द चित्रे, वस्तू व मुलांच्या बोलीतून शिकवावेत. कापसाचे बोंड हातात घेऊन शिकवलेला शब्द लवकर विसरत नाही. नंतर तीच गोष्ट काही दिवसांच्या अंतराने पुन्हा वाचावी.

लेखनासाठी संग्रहातील चित्रे घेऊन नवी गोष्ट रचता येते. परंतु टंकलेखनाची घाई नको. चित्राखाली मुलाने वहीत स्वतःची दोन वाक्ये लिहिली तरी पुरे.

संग्रह उत्तम आहे व तो वापरावा, असेच आमचे मत आहे. मुखपृष्ठावरील पातळीचा आकडा मात्र दुसऱ्या कोणी तरी घातलेला असतो. आपल्या वर्गापुरता तो आकडा शिक्षकानेच ठरवला पाहिजे.