जळगावचा उन्हाळा आणि २०४८ बाइट

शाळांतल्या मुलांसाठी निघालेल्या आर्डुइनोच्या मार्गदर्शिका आम्ही अलीकडे बऱ्याच चाळल्या. दिवा लुकलुकवणे, भोंगा वाजवणे, तापमान पडद्यावर दाखवणे इथपर्यंत त्या चांगल्या आहेत. चित्रे स्वच्छ, तारांची जोडणी बिनचूक. पण आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८ या चिपमध्ये चालू कामासाठी अवघी २०४८ बाइट स्मृती असते. ही गोष्ट सुरुवातीच्या तक्त्यात एकदा येते आणि मग विसरली जाते. आमच्या मते ही उणीव किरकोळ नाही.

समजा, जळगावचे मे महिन्यातले तापमान दर दहा मिनिटांनी आठवडाभर नोंदवायचे आहे. नोंदी होतील १००८. मार्गदर्शिकांच्या सवयीप्रमाणे प्रत्येक नोंद ‘फ्लोट’ म्हणजे दशांश संख्या म्हणून ठेवली, तर एकीला ४ बाइट, एकूण ४०३२. मावणारच नाहीत. ‘इंट’ घेतला तरी २०१६ बाइट गेले. उरलेल्या ३२ बाइटांत बाकीचा कारभार चालायचा कसा? पुन्हा, चालता चालता स्मृती अपुरी पडली तर चिप तक्रार करत नाही. एकाची जागा दुसरा बळकावतो, भलतेच आकडे दिसू लागतात आणि विद्यार्थी बिचारा तारा तपासत बसतो.

इथे खरे तर विचारायला हवे, की आपल्या तापमापकाला कळते तरी किती? एलएम ३५ हा संवेदक एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा, जवळजवळ अर्ध्या अंशाचा. पडद्यावर ४३.४६ असे दिसले तरी त्यातला शेवटचा ६ पोकळ आहे. मग तापमानाची दुप्पट करून पूर्णांकच ठेवावा : ४३.५ चे ८७. एका बाइटात २५५ पर्यंतची संख्या मावते. जळगावचा उन्हाळा त्यात सहज बसतो. १००८ नोंदींना १००८ बाइट. वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या ईईप्रॉमची जागा १०२४ बाइट आहे, तीतही त्या मावतात. वीज जाणे खानदेशात काही नवे नाही!

दुसरे उदाहरण सूर्यामागे फिरणाऱ्या सौरपट्टीचे. तिच्यासाठी ३६० अंशांच्या ज्या, म्हणजे साइन, फ्लोटमध्ये भरल्या तर १४४० बाइट लागतात. ‘प्रोग्मेम’ असे स्पष्ट लिहिल्याशिवाय हा न बदलणारा तक्ताही चालू स्मृतीतच येऊन बसतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. या भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ या रोजच्या गणिताच्या ग्रंथात त्रिज्या १२० धरून, दर दहा अंशांना एक, असे नऊच आकडे दिले आहेत : २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. ते मिळवत जा. तीस अंशांना ६० येतात, म्हणजे बरोबर निम्मे. चाळिसांना ७७, आजच्या गणिताने ७७.१. पस्तिसाला मधला आकडा घेतला तर ६८.५, खरा ६८.८. बाकीचे तीन चरण सममितीने मिळतात. नऊ बाइटांत काम झाले, आणि शाळेतल्या पट्टीला एवढी अचूकता पुरते.

मोठी चिप घ्या, असा सल्ला काही जण देतील. घ्यावी, ईएसपी ३२ मध्ये शेकडो किलोबाइट असतात. पण तेवढ्याने ४३.४६ मधला ६ खरा होत नाही.

अवतरणचिन्हांतला मजकूरही जागा खातो. देवनागरीतले ‘धुळे’ शेवटच्या शून्यासह १३ बाइट घेते, रोमन लिपीत तेच ६. ही सारी बेरीज संगणकच करतो. प्रोग्रॅम तयार होताना वापरलेल्या स्मृतीचा आकडा पडद्याच्या तळाशी येतो. तो वहीत उतरवून घ्या असे सांगणारी एकही मार्गदर्शिका आमच्या पाहण्यात आली नाही.